अण्णांच्या उत्तरापुरती जागा

बीदरच्या भाजीबाजारात मी तोंड उघडेपर्यंत मला कुणी ओळखत नाही. "मेथी कशी दिली?" एवढं विचारलं की मात्र जुडी बांधणारा हात थांबतो. भाजीवाली मान वर करून माझ्याकडं बघते, मग माझ्या पिशवीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"तुमी रेडिओतल्या अक्का न्हाईत का?"

"व्हय."

"मग मेथी इकत कामून घ्यायलाव? तुमच्या रानातली काय झाली?"

या प्रश्नाला इतकी वर्षं माझ्याकडं उत्तर नव्हतं. मला रान नाही. कधीच नव्हतं. माझे वडील बीदरात शिलाई करायचे, दोन खोल्यांचं घर आणि दारात डब्यातली एक तुळस, एवढीच आमची बागायत. पण नोकरीभर मी शेती केली ती अशी की विचारू नका. तूर पेरली, फवारणी केली, म्हशीची धार काढली, बांधावरून शेजाऱ्यांशी भांडले. हे सगळं एका बंद खोलीत. भिंतींना जाड कापड, दाराला दुहेरी लाकूड आणि यंत्रांसाठी गारवा इतका की भर उन्हाळ्यात मी अंगात स्वेटर घालून "अण्णा, ऊन लई तापायलंय" म्हणायची.

भाजीवालीचा दुसरा प्रश्न ठरलेला. "आन् अण्णा कसे हाईत?"

याचं उत्तर मला येतं, पण ते लांबलचक आहे आणि तिच्याकडं गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा मला ती भाजीवालीच आठवली. म्हणून नेमणूक, बदल्या आणि बढत्या यांना फाटा देऊन मी तिलाच उत्तर देते आहे.

आमचं केंद्र लहान. पठाराच्या कडेला तांबड्या दगडाचं कुंपण, आत एक मनोरा आणि मनोऱ्याच्या पायाशी चार खोल्या. भालकी, बसवकल्याण, औराद आणि पलीकडं कलबुर्गी जिल्ह्यातली काही गावं एवढा आमचा टापू. थंडीच्या सकाळी हवा स्वच्छ असली तर आवाज उदगीरपर्यंत जायचा आणि तिथून कुणी सांगितलं की आम्ही आठवडाभर खुशीत असायचो.

रेडिओच्या दिवसाचे तुकडे असतात, त्यांना आम्ही सभा म्हणतो. सकाळची सभा मानाची, संध्याकाळची बातम्यांची. दुपारच्या सभेला कुणी वाली नसे. त्या वेळी कोण ऐकतं, असं म्हणून शेतीचे कार्यक्रम तिच्यात ढकललेले होते. मला मात्र तीच सभा आवडायची. दुपारी आमच्याकडची गावं डोळे मिटून पडलेली असतात. कडुनिंबाची सावली अंगणात सरकत असते, रवंथ करणाऱ्या जनावराची घंटा मधूनच वाजते, खुंटीवरचा रेडिओ हळू बोलत असतो आणि माणूस धड जागाही नसतो, धड झोपलेलाही नसतो. मला वाटतं, आमच्या निम्म्या श्रोत्यांनी आम्हाला जन्मभर अर्धवट झोपेतच ऐकलं. आणि अर्धवट झोपेत ऐकलेलं माणसाला खरंच वाटतं. पुढं जे काही झालं ते त्यामुळंच झालं असावं.

मी लागले तेव्हा शेतीचा कार्यक्रम म्हणजे नुसतं वाचन होतं. "कृषकबंधूंनी पिकांच्या संरक्षणार्थ खालील उपाययोजना अवलंबाव्यात." मी ते ठणठणीत वाचायची आणि घरी जाऊन जेवायची. त्या वेळच्या आमच्या साहेबांनी एकदा कागद बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाले, शेतकऱ्याशी बोला, त्याला वाचून दाखवू नका. त्यातून 'बांधावर' नावाचा कार्यक्रम निघाला. भाऊ-बहीण बांधावर बसून बोलतात. बहीण मी. भाऊ म्हणून आले खटकचिंचोळीचे शरणप्पा.

शरणप्पा खरेखुरे शेतकरी. बियाण्यावर एक मुलाखत द्यायला धोतराचा सोगा सावरत एसटीतून उतरले ते आमचेच झाले. माईकवर ते कन्नडात बोलायचे, मी मराठीत. मी विचारायची, "अण्णा, तूर कशी हाय औंदा?" यंदा तूर चांगली आहे हे ते सांगायचे, "ई वर्ष तोगरी छलो अद, अक्का." भाषांतर नाही, काही नाही. बाहेरचे पाहुणे विचारायचे, अहो, हे लोकांना समजतं कसं? आमच्याकडं किराणा दुकानात, लग्नाच्या बोलणीत, भांडणातसुद्धा लोक असंच बोलतात. एक भाषा तोंडात नि दुसरी कानात, यात आम्हाला कधी काही विशेष वाटलंच नाही.

त्यांची एक सवय होती. प्रश्न विचारला की ते लगेच उत्तर देत नसत. खिशातून अडकित्ता काढायचे, सुपारी धरायची, कट्. मग बोलायचे. माईकसमोर तो आवाज फाडकन उमटायचा. आमचे इंजिनिअर रहीमभाई काचेपलीकडं डोक्याला हात लावायचे. रेडिओत आवाज मोजणारा एक काटा असतो, आवाज असला की तो नाचतो आणि शांतता झाली की आडवा पडतो. आमच्या धंद्यात शांतता म्हणजे गुन्हा. चार श्वास काही ऐकू आलं नाही की लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं, आणि वरून लेखी जाब येतो.

"अक्का," रहीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा सोचते भोत. मेरा कांटा सो जारा."

मी शरणप्पांना सांगितलं, जरा लवकर बोला. त्यांना ते पटलं नाही.

"इचारल्या-इचारल्या उत्तर देणारा शेतकरी तुमी कुठं बघितलाव, अक्का? आदी रान बघावं लागतंय, आभाळ बघावं लागतंय. मग बोलावं."

अडकित्ता राहिला. वर्षभरात त्याची अशी सवय झाली की लोक म्हणायचे, कट् झालं की आम्ही हातातलं काम थांबवतो, आता अण्णा बोलणार.

लोकांचा विश्वास कुठवर गेला ते सांगते. एकदा गप्पांच्या ओघात मी म्हटलं, आमची म्हैस गाभण हाय. म्हटलं आणि विसरले. श्रोते विसरले नाहीत. महिने मोजत राहिले. पुढं पुढं केंद्राच्या फाटकावर विचारणा व्हायला लागली. राजेश्वर गावच्या एक आजीबाई गुळाची ढेप आणि बाजरीचं पीठ घेऊन आल्या, व्यायल्यावर म्हशीला चारा म्हणून. मी ती परत करू लागले. शरणप्पा मात्र शांतपणे ढेप हातात घेऊन म्हणाले, "येत्या आठवड्यात यील." पुढच्या कार्यक्रमात म्हैस व्याली. रेडी झाली. ज्यांना खरवस मिळाला नाही त्यांची नाराजी आम्ही कितीतरी दिवस सोसली.

काळ बदलत गेला तसं केंद्रही बदललं. मोठ्या फिरत्या चकत्यांच्या टेपा गेल्या, ज्या आम्ही ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडायचो. कॅसेटी आल्या, त्याही गेल्या, संगणक आला. श्रोत्यांचे थेट फोन घेणं आलं. मग सिनेमाची गाणी वाढली, तरुण निवेदक आले, न थांबता बोलणारे. रहीमभाईंचा काटा आता कधीच झोपत नसे आणि गंमत म्हणजे त्यांनाच ते आवडेनासं झालं. रोजचं 'बांधावर' आठवड्यातून तीनदा झालं, मग गुरुवारी दुपारी एकदा. तरी ते होतं. त्या गुरुवारवर माझा आणि शरणप्पांचा किती जीव होता हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

मग शरणप्पांच्या घशात गाठ निघाली. हैदराबादला शस्त्रक्रिया झाली. माणूस वाचला, आवाज गेला.

मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ते गळ्याला पट्टी बांधून बसले होते. मी नेहमीसारखी बोलत सुटले, पाऊसपाणी, केंद्र, रहीमभाई. त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. तेव्हा त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून विसरता येत नाही. मी परतीच्या बसमध्ये बीदर येईपर्यंत रडत होते.

केंद्रात तेव्हा नवे साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता, पण बाहेरचा होता. ते म्हणाले, "आवाज मिळताजुळता बघा, नाहीतर कार्यक्रम बंद करू. गुरुवारची वेळ मागणारे पुष्कळ आहेत." जुनी ध्वनिमुद्रणं लावावीत म्हटलं तर ती नव्हतीच. टेपा पुसून पुन्हा वापरायच्या आणि संगणकात जागा कमी पडली की जुनं काढून टाकायचं, हाच आमचा शिरस्ता. इतकी वर्षं बोललेल्या माणसाचा आवाज कुठंच शिल्लक नव्हता. याचं दुःख मला आजही आहे आणि ते कमी होईल असं वाटत नाही.

कलबुर्गीचा एक नाटकातला कलावंत आला. त्यानं माईकसमोर बसून "हौद, अक्का", म्हणजे होय अक्का, म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब शरणप्पा. साहेब खूश झाले. रहीमभाई काचेपलीकडं तोंड फिरवून उभे राहिले. मला प्रश्न पडला की खटकचिंचोळीत आपल्या ओट्यावर बसून शरणप्पा हा आवाज ऐकतील तेव्हा त्यांचं काय होईल. माणसाचा आवाज जाणं वेगळं, आणि तो दुसऱ्याच्या तोंडून रेडिओवर ऐकावा लागणं वेगळं.

मी साहेबांकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. तोवर मी एकटीच कार्यक्रम करीन म्हटलं.

आणि मी केलाही. पण एकटीनं बोलायचं कसं, हे मला येत नव्हतं. मी सवयीनं विचारलं, "अण्णा, हरभऱ्याला पाणी द्यावं का?" आणि सवयीनंच थांबले. जेवढा वेळ ते घ्यायचे तेवढा. मग म्हटलं, "बरं." आणि पुढचं बोलले. ध्वनिमुद्रण संपल्यावर रहीमभाईंनी कपाळाला हात लावला नाही. ते म्हणाले, "खाली जागा नक्को ना? हवा भरतूं मैं." ते सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन शरणप्पांच्या रानात गेले, ज्वारीतला वारा आणि बैलाची घंटा भरून घेऊन आले, आणि माझ्या थांबण्याच्या जागी ते हलकेच खाली पसरलं. एका ठिकाणी बीदरच्या तळावरून उडालेल्या हवाई दलाच्या विमानाची घरघर आली होती, ती त्यांनी काढली. काटा झोपला नाही, निदान डुलकी घेत राहिला.

पण हे बरोबर की चूक, हे शरणप्पांनीच सांगायला हवं होतं. मुदत संपत आली तशी एका गुरुवारी मी खटकचिंचोळीची बस धरली. पोचले तेव्हा दुपार कलली होती. ओट्यावर शरणप्पा बसलेले, पुढ्यात रेडिओ. त्यांच्या पत्नी नीलक्का सुपारीचं तबक घेऊन बाजूला. समोरच्या ओट्यावर, शेजारच्या दारात, गल्लीतली माणसं आपापल्या जागी सैलावलेली. कुणी उठलं नाही, मला हातानंच बसायला सांगितलं, कारण रेडिओवर मी बोलत होते.

आपला आवाज असा बाहेरून, उन्हातून ऐकायला विचित्र वाटतं. रेडिओतली मी म्हणाले, "अण्णा, तूर काढावी का आनखी थांबावं?" आणि थांबले. ज्वारीतला वारा वाहू लागला.

समोरच्या ओट्यावरून एक म्हातारा डोळे न उघडताच म्हणाला, "थांबावं." दारातली बाई कन्नडात म्हणाली, कशाला थांबायचं, शेंगा वाळल्यात. पलीकडून तिसरा काही बोलला. रेडिओतली मी म्हणाले, "बरं." पुन्हा विचारलं, पुन्हा थांबले, पुन्हा गल्ली बोलली. मी स्टुडिओत सोडलेल्या जागांमध्ये इथं माणसं बसलेली होती. इतके आठवडे हे चाललं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला ते खरं वाटेना.

तेवढ्यात शरणप्पांनी तबकातली सुपारी उचलली. कट्.

सगळी गल्ली गप्प झाली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले. बाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांची सवय ती, आता अण्णा बोलणार. शरणप्पा कुणाकडं न बघता अडकित्ता हातात धरून बसले. वारा वाहत राहिला. आणि मग समोरचा म्हातारा मान हलवून म्हणाला, "बरं, अण्णा."

नीलक्का माझ्याकडं वळून हळू म्हणाल्या, "डाक्टरनं सुपारी बंद केलीय. खात न्हाईत. आमच्यापुरती नुस्ती कातरत्यात."

कार्यक्रम संपल्यावर मी विषय काढला. कलबुर्गीच्या माणसाचं सांगितलं. शरणप्पांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "अण्णा, तुमीच या. हा अडकित्ता घिऊन या. बोलायचं काईच न्हाई." त्यांनी जोरात मान हलवली, नाही. आवाज गेलेल्या माणसानं रेडिओत काय करायचं, असं ते मनातल्या मनात म्हणत असणार. स्वतःबद्दल ते फार मानी होते. नीलक्कांनी मला खुणेनं गप्प केलं आणि मी रिकाम्या हातानं परतले.

पुढच्या ध्वनिमुद्रणाला कलबुर्गीचा कलावंत वेळेवर हजर झाला. कपभर चहा पिऊन माईकसमोर बसला. साहेबही काचेपलीकडं आले. रहीमभाई ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लावणार इतक्यात फाटकावरचा शिपाई धावत आला. मागं धुतलेलं धोतर नेसलेले शरणप्पा आणि त्यांच्या मागं नीलक्का.

"रातभर बसून होते," नीलक्का मला म्हणाल्या. "सकाळी उठून म्हणले, म्हणजे, हातानं दावले, चल म्हणून."

कलावंत शहाणा माणूस. त्यानं शरणप्पांच्या हातातला अडकित्ता बघितला आणि खुर्ची सोडली. साहेबांना म्हणाला, "सर, हे असताना माझं काय काम?" साहेबांनी श्रोत्यांना काय कळणार म्हणून विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, कारण रहीमभाईंनी दिवा लावून टाकला होता.

"अण्णा," मी म्हटलं, "लई दिसांनी आलाव. करडई कशी हाय?"

त्यांनी वेळ घेतला. रान बघितलं, आभाळ बघितलं. बंद खोलीत, कापडाच्या भिंतींकडं बघत. मग कट्.

"बरं," मी म्हटलं, आणि पुढचं विचारायचं सोडून त्यांच्या अडकित्त्याकडंच बघत राहिले. त्या दिवशी जास्त शांतता माझ्यामुळंच झाली.

गुरुवारी कार्यक्रम लागला आणि फोन घेणाऱ्या मुलीकडं राजेश्वरहून पहिला फोन आला. "अण्णा लई दिसांनी बोलले," तो माणूस म्हणाला. "बरं वाटलं."

त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत 'बांधावर' असंच चाललं. मी विचारायची, ते कातरायचे, आणि प्रत्येक जण आपापल्या रानाचं उत्तर ऐकायचा. आधी वर्षाकाठी दोन-चार तरी तक्रारी यायच्या की अण्णांचा सल्ला चुकला. त्या वर्षांत एकही आली नाही.

आता ती दुपार नाही. आमच्या मनोऱ्यावरून दुपारी दूरच्या शहरातली गाणी येतात. चांगली असतात, ती लावणाऱ्यांचा मला राग नाही. पण इथल्या गल्लीत बसून त्यांच्याशी बोलता येत नाही, कारण ती कुठं थांबतच नाहीत. रहीमभाई मुलाकडं हैदराबादला गेले.

जुन्या सभेच्या वेळेला माझा फोन कधीमधी वाजतो. नीलक्का नंबर लावून देतात आणि बाजूला होतात. पलीकडून कुणी बोलत नाही. मग मीच सांगत जाते. बीदरचं ऊन, माझे गुडघे, बाजारातली भाजी. यंदा मी गच्चीवर एका जुन्या टबात मेथी लावली, हेही सांगितलं. जन्मातलं माझं पहिलं पीक. रोज सकाळी जाऊन बघत होते, कापायचा धीर होत नव्हता.

"अण्णा," मी विचारलं, "कापू का आनखी थांबू?"

आणि थांबले. फोनमधून खटकचिंचोळीची दुपार ऐकू येत होती. कोंबडी, कुणाच्या तरी दाराची कडी, वारा. घाई करायची नाही, एवढं मला आता येतं.

कट्.

मूठभरच निघाली. आठवड्यानं बाजारात गेले तेव्हा भाजीवालीनं जुडी बांधता बांधता नेहमीचं विचारलं, तुमच्या रानातली काय झाली म्हणून.

"कापली," मी म्हटलं. "अण्णांना इचारून."

ती जराही चकित झाली नाही. "मग बरं," म्हणाली, आणि जुडीत चार काड्या जास्त घातल्या.